बारा चौकटी

गेल्या वर्षी आमच्या गावच्या देवळाच्या सभागृहाचं काम पुरं झालं. जुनी कौलं गेली, पत्रे आले, खाली गुळगुळीत फरशी आली, पंखे आले. रंगाऱ्यानं उत्तरेकडच्या लांब भिंतीला फिकट पिवळा रंग काढला आणि बिल हातात ठेवलं. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की एवढी मोठी भिंत मोकळीच राहिली. आमच्या पेडणे महालातल्या माणसाला मोकळी भिंत सोसत नाही. तिच्यावर एक तर देव लागतात, नाही तर देणगीदार. देव गाभाऱ्यात होते आणि देणगीदारांच्या नावांची फरशी दाराशी आधीच बसली होती. मग अध्यक्ष म्हणाले, या जागेत भजन होतं, दशावतार होतो, चवथीला घुमट आरत्या होतात. तर गोव्याचे थोर गायक-वादक या भिंतीवर लावूया. मोपाला विमानतळ झाल्यापासून परगावची माणसं देवळात डोकावतात. त्यांनाही कळू दे आमच्या मातीत काय पिकतं ते.

सुतारानं टेप लावून सांगितलं, खिडक्या सोडून बारा चौकटी बसतील. एक जास्त नाही.

त्या समितीचा मी चिटणीस. निवृत्त मराठी शिक्षकाला गावात दोन कामं हमखास मिळतात: निमंत्रणपत्रिकेचं शुद्धलेखन आणि बैठकीचं इतिवृत्त. आमच्या बैठकांत भांडण कोकणीतून होतं आणि इतिवृत्त मराठीत लिहिलं जातं. ‘तुका कितें कळटा?’ याचं मी ‘सदस्यांनी वेगळे मत मांडले’ असं करतो. या सोयीमुळे गावात बरीच वर्षं शांतता आहे.

पहिल्या बैठकीत चहा यायच्या आधीच चार नावं झाली. मास्टर दीनानाथ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, जितेंद्र अभिषेकी. मला वाटलं, बारा नावं म्हणजे दोन चहांचं काम. प्रत्यक्षात अकरा बैठका झाल्या, आणि एका सदस्यानं मधूनच राजीनामा देऊन तो पुढच्या बैठकीत परत घेतला ते वेगळंच.

पहिलं गाडं अडलं ते केसरबाईंपाशी. समितीतले सर्वांत थोरले काका त्यांच्या नावानं भलतेच खुलले होते. ‘आपल्या केरीची बाई!’ ते म्हणाले. केरी म्हणजे तेरेखोलच्या मुखाशी असलेली, फेरीबोटीची केरी. आता शिक्षकाची खोड जाते कुठं? मी सांगितलं, काका, गोव्यात केरी तीन आहेत. एक ही आपली, एक सत्तरीतली, आणि एक फोंड्याची. केसरबाई फोंड्याच्या. काकांचा चेहरा पडला. जरा वेळ ते पान चघळत राहिले आणि म्हणाले, ‘मग राहू दे तिचं. फोंड्याचे लोक लावतील तिला.’

ज्या बाईंचा आवाज पृथ्वी सोडून गेला तिला आम्ही केरीच्या घोटाळ्यापायी भिंतीवरून उतरवायला निघालो होतो. मग मी सगळी हकीकत सांगितली. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली आणि प्रत्येकाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली. कधीकाळी कुणी परग्रहवासी भेटलाच तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. त्या तबकडीवर काय घालायचं हे ठरवायला कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची एक मंडळी बसली होती. म्हणजे आमच्यासारखीच समिती. साऱ्या जगाच्या संगीतातून सत्तावीस तुकडे घ्यायचे होते. बाख, बीथोव्हेन, मोझार्ट त्यात आहेत. भारताच्या वाट्याला आली एक जागा, आणि ती गेली केसरबाईंच्या साडेतीन मिनिटांच्या भैरवीला. ते नाव सुचवलं रॉबर्ट ब्राऊन या संगीताच्या अभ्यासकानं. पण ध्वनिमुद्रिका काही केल्या मिळेना. शेवटी ती न्यूयॉर्कातल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात मेजाखाली पडलेल्या खोक्यात सापडली. व्हॉयेजर-१ उडालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. ते यान आज चोवीस अब्ज किलोमीटरांच्याही पलीकडे आहे आणि अजून जातंच आहे.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘इतकं लांब गेल्यावर मग खंयची केरी ती कोण विचारता!’ चौकट पक्की झाली.

खरं सांगायचं तर त्या समितीचा मला हेवा वाटला. अख्ख्या भारतातून एक. आम्हांला बारा मिळाल्या होत्या आणि तरी पुरत नव्हत्या. एक मात्र होतं: ज्यांचं नाव राहिलं ते रागावून दारात येतील ही भीती सेगनसाहेबांना नव्हती.

आम्ही मग नियम केले. पहिला नियम, हयात माणूस नको. दुसरा, माणूस गोव्याचा हवा. हा दुसरा नियम लिहिताना मला अगदी साधा वाटला होता. पण लताबाई जन्मल्या इंदूरला. त्यांना काय म्हणायचं? वडील मंगेशीचे, कुलदैवत मंगेशीचं, आडनावच मंगेशीचं. बसतात. बरं, आडनावावर जायचं तर पी. मधुकर. पेटीवर ज्यांची बोटं पाण्यासारखी चालत ते मधुकर पेडणेकर. आडनावात आमचा अख्खा तालुका! पण मुंबईत पेडणेकर पायलीला पन्नास मिळतील. नुसत्या आडनावावर हक्क सांगायचा तर उद्या गिरगावची निम्मी चाळ भिंतीवर लावावी लागेल. शेवटी त्यांच्या हाताखाली शिकलेले बोरीचे तुळशीदास बोरकर घेतले. २०१६ साली पद्मश्री मिळालेला पेटीवाला. त्यांच्या गोवेकर असण्याबद्दल कुणाला शंका नव्हती.

आणि सोहिरोबानाथ आंबिये? त्यांच्या पदांशिवाय आमचं भजन होत नाही. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. पण ते बांद्याचे, आणि बांदा आज महाराष्ट्रात. पत्रादेवीचा नाका ओलांडला की आलंच. आमच्याकडची माणसं तिथं बाजाराला जातात. एका सदस्यानं हरकत घेतली, हद्द ती हद्द. मी म्हटलं, सोहिरोबांच्या काळात ही हद्द होती कुठं? पेडणे पोर्तुगीजांकडे आलं १७८८ मध्ये. त्याआधी बांदा काय नि पेडणे काय, दोन्ही सावंतवाडीकर भोसल्यांचं. नाक्यावरच्या पोलिसानं संताला परत पाठवायचं का? सोहिरोबा आले. ते संत, कवी की संगीतकार यावर मात्र पुढची दीड बैठक गेली, ती मी इतिवृत्तात एका ओळीत उरकली आहे.

याच सुमाराला माझे मेहुणे डिचोलीहून आले होते. जेवताना यादी त्यांना दाखवली. ते बघतच राहिले. ‘मंगेशी, केरी, बोरी, पर्वत, कुर्डी. अरे, यात आमची डिचोली कुठं? तुमचं पेडणं तरी कुठं?’ आणि गोष्ट खरी होती. फोंड्याकडची देवळं मोठी, त्यांची उत्पन्नं मोठी, देवाच्या सेवेला गाणारी-वाजवणारी घराणी तिथं वस्तीला; गुणी माणसं तिथून मुंबईला गेली. ज्यांची लय ऐकून मोठमोठे उस्ताद चकित होत ते लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर तेवढे दक्षिणेकडच्या पर्वताचे, नि मोगूबाई सांग्यातल्या कुर्डीच्या. (ते कुर्डी आता साळावलीच्या धरणाखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाव वर येतो आणि जुने रहिवासी देवदर्शनाला जातात. गाव बुडाला, आडनाव तरंगत राहिलं.)

मेहुण्यांना मी म्हटलं, डिचोलीनं काय दिलं ते तुम्हीच सांगा. त्यांनी भात कालवता कालवता विचार केला आणि म्हणाले, ‘ऐकणारे दिले. विठ्ठलापूरच्या चैत्रोत्सवात पहाटेपर्यंत नाटक बघायला बसणारी माणसं आमची. आमच्या बाबांना अख्ख्या नाटकातली पदं पाठ होती, पण स्वतःला एक सूर लागत नसे. लावा त्यांचा फोटो!’ माझी बायको म्हणाली, ‘बाबांचा सूर भिंतीवरच बरा होता.’ हसण्यावारी गेलं. पण माझ्या मनात ते राहिलं. त्या रात्रभर बसणाऱ्या माणसांसाठीच हे सगळे गायले होते.

पाचव्या की सहाव्या बैठकीत समितीतली दोन तरुण मुलं उठली. त्यांनी ख्रिस पेरींचं नाव सांगितलं. लॉर्नाचं सांगणार होती, पण नियम पहिला आडवा आला. सभागृहात एकदम शांतता. अध्यक्ष म्हणाले, ‘माणूस मोठा, पण सभागृह देवळाचं.’ पोरगा म्हणाला, ‘देवळाच्या जत्रेत लाउडस्पीकरवर गाणी कोणाची लागतात?’ याला उत्तर नव्हतं. लागतात त्यांचीच.

इथं मला थोडं बोलावंसं वाटलं. पोर्तुगीज अमदानीत इगर्जीच्या शाळांतून पोरांना स्वरलेखन शिकवीत, व्हायोलिन हातात देत. ती पोरं मोठी झाली आणि पोटासाठी मुंबईला गेली. तिथं हॉटेलांच्या बँडांत वाजवलं, मग सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. संगीत दिग्दर्शकानं चाल गुणगुणायची आणि गोव्याच्या अरेंजरनं ती कागदावर उतरवून चाळीस वादकांपुढं मांडायची, असा कित्येक वर्षांचा शिरस्ता होता. एक वाट देवळाच्या समईपासून निघाली, एक इगर्जीच्या कोरापासून, आणि दोन्ही मुंबईच्या त्याच काचेच्या खोलीत एकत्र आल्या. आत मंगेशीचा गळा, बाहेर माजोर्ड्याचं व्हायोलिन. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच एक. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात अँथनीला आडनाव गोन्साल्विस मिळालं ते या गुरूची आठवण म्हणून.

‘म्हणजे तो खरा माणूस?’ अध्यक्षांनी विचारलं. त्यांनी ते गाणं स्वतःच्या लग्नाच्या वरातीत वाजवलं होतं. तो खरा माणूस होता म्हटल्यावर दोन चौकटी एकदम मंजूर झाल्या, ख्रिस पेरी आणि अँथनी गोन्साल्विस. एवढ्या मोठ्या सामाजिक प्रश्नाचा निकाल इतक्या सहज लागलेला मी तरी पाहिला नाही.

आता दहा झाली होती. अकरावं नाव मी सांगितलं: अंजनीबाई मालपेकर.

कुणी ऐकलेलं नव्हतं. माल्पे म्हणजे ज्याच्यावरून आमची रोजची बस पेडण्याला जाते ते गाव. तिथलं नाव लावणारी बाई १८८३ साली जन्मली, मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँकडे शिकली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या गाण्यासाठी श्रीमंतांच्या हवेल्या नि संस्थानांचे दरबार वाट पाहत. चाळिशीच्या सुमाराला तिनं मैफली सोडल्या. त्या काळी गाणाऱ्या बाईला गाण्याच्या बाहेर जे सोसावं लागे त्याला ती विटली होती, असं तिच्याविषयी लिहिलेलं आढळतं. पुढं ती शिकवीत राहिली. कुमार गंधर्व तिच्यापाशी बसले, किशोरी आमोणकर बसल्या. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचं रत्नसदस्यत्व तिला मिळालं, आणि हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. १९७४ मध्ये ती गेली. आपल्या तालुक्यात तिच्या नावाचा फलक कुठं माझ्या पाहण्यात नाही.

मी थांबलो. एका सदस्यानं घसा खाकरला आणि विचारलं, ‘म्हणजे त्या... त्यांच्यापैकी?’

वाचकहो, आपल्याकडच्या माणसाला ही टिंबं भरून दाखवावी लागत नाहीत. देवळाच्या सेवेला बांधलेली, पालखीपुढं गाणारी-नाचणारी घराणी. त्यांच्या बायकांना पूर्वी काय काय म्हणत ते इथं लिहीत नाही. केसरबाई त्यांतल्या, मोगूबाई त्यांतल्या. दीनानाथांची आई येसूबाई देवळाच्या सेवेतली आणि वडील त्याच देवळातले पुजारी. मुलानं आडनाव घेतलं ते गावाचं. केरकर, कुर्डीकर, मंगेशकर, मालपेकर: ही आडनावं आपण अभिमानानं घेतो, पण ती इतक्यांनी गावावरूनच का घेतली याचा विचार करीत नाही. बापाचं नाव लावायची सोय नसलेल्यांनी गावाचं नाव लावलं, आणि असं लावलं की आता गावंच त्या नावानं ओळखली जातात. चार नावं आम्ही चहाच्या आधी मंजूर केली होती तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. अंजनीबाईंचं नाव ओळखीचं नव्हतं म्हणून तेवढा विचारला गेला.

मला राग आला. आणि रागाच्या भरात मी जे बोललो त्याचा मला अजून पस्तावा आहे. मी म्हटलं, ‘मग बारावी चौकटही सांगतो. आपल्या याच देवळात पालखीपुढं कोण गात होती ते इथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. तिच्या गाण्यानं या गावातल्या तीन पिढ्यांचा कान तयार झाला. तिला लावा.’ आणि नाव घेतलं.

आमच्या वडिलांनी तिच्याविषयी सांगितलेलं माझ्या डोक्यात होतं. ते लहान असताना पालखीच्या रात्री तिच्या पुढं पेट्रोमॅक्स धरायला त्यांना उभं करीत. देऊळ फिरून पालखी आत आली की शेवटी ती भैरवी म्हणायची. हात दुखून यायचा, पण बत्ती हलू द्यायची नाही, कारण बत्ती हलली की ती गाता गाता डोळे वटारायची. वडील पुढं भजनात पेटी वाजवू लागले. मुंबईला जाऊन मोठमोठी गाणी ऐकून आले. पण भैरवी म्हटली की ते तिच्याशीच ताडून बघत.

नाव उच्चारल्यावर सभागृहात कुणीच काही बोललं नाही. समितीचे खजिनदार माझ्या शेजारी बसले होते. आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. ते तिचे नातू.

बैठक संपली. रस्त्यावर ते माझ्याबरोबर चालू लागले. आमचं बोलणं नेहमीच कोकणीत. इथं मराठीत लिहितो, पण त्यात त्यांच्या आवाजाची धार येणार नाही.

‘मास्तर,’ ते म्हणाले. एरवी ते मला नावानं हाक मारतात. ‘आधी मला विचारलं असतंस तर?’

मी म्हटलं, तुमच्या आजीचा मान व्हावा म्हणूनच.

‘मान कुणाचा? तिचा की गावाचा? तुम्हांला भिंतीवर एक फोटो मिळेल. उद्या माझ्या नातीला शाळेत कुणी विचारील, ही तुझी कोण. परवा सोयरीक जुळवताना कुणी विचारील. माझ्या वडिलांनी गाव सोडलं, शिकले, नोकरी केली, घरात तानपुरा ठेवू दिला नाही. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. हे सगळं कशासाठी?’

मी अंजनीबाईंचं, केसरबाईंचं उदाहरण दिलं. त्यांच्याच समाजातल्या धुरिणांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत संघटना बांधून ही सेवा सोडवली, मुलींना शाळेत घातलं, आणि आज त्यांतून डॉक्टर झाले, वकील झाले, लेखक झाले. लपवायचं काय आहे, असंही बोललो. जरा भाषणच झालं.

ते थांबले. गावच्या बांधावर एक जुना आंबा आहे, तिथं. ‘केसरबाई मुंबईला गेली. तिनं गुरू केला, आल्लादिया खाँकडे पंचवीस वर्षं शिकली, मनासारखी बिदागी मिळाल्याशिवाय गायली नाही. तिनं गाणं निवडलं. माझ्या आजीनं काही निवडलं नव्हतं. आठव्या वर्षी तिला देवळात उभी केली. वर्षाला चार खंडी भाताची जमीन, ती पण देवळाच्या नावावर. तिला गाणं आवडत होतं की नाही, हे कुणी विचारलं होतं? तुझ्या बाबांनी विचारलं होतं? बत्ती धरून उभे होते ना ते!’

याला मी काय उत्तर देणार? पन्नास वर्षं मी वर्गात प्रश्न विचारले; हा मला सुचला नव्हता. वडिलांच्या आठवणीत ती कायम गातच असायची. उतरत्या वयात ती काय करीत होती, कुणाशी बोलत होती, गुडघे दुखत होते का, यांतलं मला काही ठाऊक नव्हतं. आणि तिला भिंतीवर लावायला निघालो होतो मी.

पण दुसरी बाजूही मनातून जात नव्हती. लावायचं नाही तर मग काय? उत्सवाच्या पावत्या राहतील, पुजाऱ्यांच्या पिढ्या राहतील, महाजनांची नावं फरशीवर राहतील, आणि ज्या गळ्यावर ते उत्सव झाले तो कुठंच राहणार नाही. गोपाळकृष्ण भोबे यांच्या ‘कलात्म गोमंतक’मध्ये कितीतरी कलावंत आहेत, पुस्तकात आली ती वाचली. प्रत्येक देवळात अशी एखादी तरी होती जी पुस्तकात आली नाही. तिच्या घरच्यांनी नाव पुसलं ते जगता यावं म्हणून. आपण पुसलं ते सोयीसाठी. दोन्ही पुसणी एकाच भिंतीवर येतात आणि भिंत तितकीच पिवळी दिसते.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं, ठराव मागे घेतो. त्यांनी मान हलवली. वहिनींनी चहा आणला. निघताना ते आत गेले आणि कपाटातून एक पाकीट घेऊन आले. आत एक लहान फोटो होता, कडा कुरतडलेल्या. नऊवारीतली उभी बाई, हात पुढं जुळवलेले, कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ‘बघ आणि दे,’ ते म्हणाले. मी बघितला आणि दिला. पाकीट परत कपाटात गेलं.

पुढच्या बैठकीत मी ठराव मागे घेतला. इतिवृत्तात ‘चिटणीसांनी सूचना मागे घेतली’ एवढंच आहे. सूचना काय होती ते मी लिहिलं नाही. अंजनीबाईंवर मात्र हटून बसलो. कुणाला माझी दया आली असेल, अकरावी चौकट मंजूर झाली. बाराव्या जागेसाठी मग दशावतारातला हार्मोनियमवाला, कुणी घुमटवाला, असं बरंच सुचलं. २०१९ साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तर नुसतं घुमटच लावूया असंही एक म्हणाला. घोरपडीच्या कातड्याचं लावायचं की बकऱ्याच्या, यावर ते अडलं. घोरपडीचं लावलं तर वनखात्याचे लोक आधी येतील आणि दर्शन मागाहून घेतील. शेवटी एका देणगीदारानं मोठं घड्याळ दिलं. ते बाराव्या जागी लागलं. भजन किती वाजता संपवायचं ते आता सगळ्यांना दिसतं.

कोजागरीला अनावरण झालं. म्हापशाहून छापून आणलेल्या पट्टीवर ‘अंजलीबाई मालपेकर’ असं आलं होतं. मी प्रूफ तपासून ‘अंजनी’ केलं होतं, छापणाऱ्यानं आपल्या ओळखीचं नाव घातलं. नवी पट्टी सांगितली आहे. अजून आलेली नाही.

त्या रात्री दूध आटेपर्यंत पोरांनी मोबाईलवरून केसरबाईंची ती भैरवी लाउडस्पीकरला लावली. साडेतीन मिनिटं. अर्धी माणसं पोह्यांच्या रांगेत होती. खजिनदार मागच्या खांबाला टेकून हिशेबाची वही काखेत घेऊन उभे होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. तेव्हापासून आमचं बोलणं थोडं कमीच झालं आहे.

गाणं संपलं. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, ‘गळा काय आहे रे!’

मी हूं म्हटलं.

‘पण शेवटाला इतका आवाज आमची म्हातारी लावीत नसे. पालखी आत आलेली असायची ना, देव निजायला निघालेला. आम्हांला निजवताना घरात हेच म्हणायची ती. सगळे दिवे मालवून. कोणी ऐकत नाही ना बघून.’

मग त्यांना कुणीतरी दुधाच्या बिलासाठी हाक मारली आणि ते गेले.